आपणहून आलेली गुलबक्षी

नानांनी शेवटचा टोमॅटो उचलला, बोटांत फिरवून पाहिला आणि देठ वर करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मग दोन पावलं मागे सरून, एक डोळा मिटून त्यांनी सगळी रांग न्याहाळली. मधला एक टोमॅटो जरा पुढे आला होता. त्यांनी तो करंगळीने आत ढकलला.

"झालं?" मुलाने विचारलं. तो दारात उभा राहून बूट काढत होता. बेकरीची गाडी फिरवून आला की त्याच्या अंगाला पावाचा आणि उन्हाचा वास यायचा. "का आता त्यांची हजेरी पण घ्यायचीय?"

"पिकलेले उजवीकडं, कच्चे डावीकडं," नाना म्हणाले. "आजचे कुठले, उद्याचे कुठले, बघितलं की कळतं."

"कळतं, पण खायचे कुणी? शेजारीपाजारी आता मला बघून दार लावून घेतात. काल शिंपीणबाईंना भोपळा द्यायला गेलो, तर आतूनच ओरडल्या, घरात कुणी नाहीये!"

नाना आवाज न करता हसले. नुसते खांदे हलले. मोरीपाशी घेवड्याच्या शेंगा धुणारी सूनही हसली. म्हणजे हसायची जागा आली हे तिला कळलं आणि तिने ओठ हलवले.

उन्हाळा सरत आला की या घराला भाज्यांचा पूर यायचा. टोपल्यांत काकड्या, बादलीत वांगी, खुर्चीवर भोपळा. बसायचं तर आधी भोपळ्याला उठवायला लागायचं. परसातली ती सगळी भाजी नानांची. ते आयुष्यभर छापखान्यात जुळारी होते. शिशाचे सुटे खिळे पेटीतून एकेक करून उचलायचे, त्यांची ओळ रचायची, ओळीखाली ओळ लावून पान उभं करायचं, हे त्यांचं काम. छापखाना बंद पडून वर्षं झाली, पण हातांना ते कुणी कळवलं नव्हतं. नानांनी लावलेले कांदेसुद्धा पट्टी धरल्यासारखे उगवत.

ताटं वाढली तशी सून म्हणाली, "मी दुकानातच खाल्लंय."

माहेराहून परत आल्यापासून ती रोज दुकानातच खाऊन येत होती, आणि रोज तिचा डबा भरलेलाच परत येत होता. नवऱ्याने डब्याकडे पाहिलं, मग नानांकडे. नानांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुसून झाल्यावर तो डोळ्यांवर न चढवता त्यांनी टेबलावर ठेवून दिला आणि तसेच जेवू लागले.

सून त्या चष्म्याकडे बघत राहिली.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. भिंगं बसवायची, वाकड्या काड्या सरळ करायच्या, गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून विचारायचं, आता स्पष्ट दिसतंय का? आणि आता? लग्न होऊन आली तेव्हा या घरातली तिची पहिली भेट म्हणजे नानांचा चष्मा. शिशाच्या बारीक अक्षरांनी खाल्लेले ते डोळे तिने स्वतः तपासून घेतले होते. म्हणून सासूबाई गेल्यावर नानांनी चष्मा काढून कपाटावर ठेवला, तेव्हा ते सगळ्यात आधी तिला टोचलं.

"चष्मा लावा ना, नाना," ती म्हणाली होती.

"बघण्यासारखं काय राहिलंय, मुली?" नाना म्हणाले होते. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दुकान बंद झालंय असं एखाद्याने सरळ सांगावं, तसं.

पुढे ते जेमतेम खात, जेमतेम बोलत. संध्याकाळी मात्र परसदारच्या पायरीवर जाऊन बसत आणि मागच्या कोपऱ्याकडे तोंड करून हवा हुंगत. त्या कोपऱ्यात, भिंतीखाली, दर वर्षी गुलबक्षी यायची. ती कुणीच लावली नव्हती. सासूबाई म्हणायच्या, "मी कुठं लावली? त्यांची तीच येतात. बिनबोलावता येणारे पाहुणे. पण आल्यावर खायला काही मागत नाहीत, उलट वास देऊन जातात." थंडीच्या अखेरीला मुलगा जमीन खणायला घ्यायचा तेव्हा त्या केरसुणी घेऊन त्या कोपऱ्यापुढे उभ्या राहायच्या. तो एकदा खणायला लागला की जमिनीला श्वास घेऊ देत नसे.

त्या थंडीत केरसुणी घेऊन उभं राहायला कुणी नव्हतं. मुलाने चांगल्या मनाने सगळं परस खणून काढलं. कोपऱ्यातले गड्डे कुजके समजून फेकूनही दिले. हे सुनेच्या ध्यानात आलं तेव्हा वसंत अर्धा उलटला होता आणि नाना रोज पायरीवर बसून म्हणत होते, "अजून यायचीत."

मग एका पहाटे तिने रोपवाटिकेतून आणलेली रोपं त्या कोपऱ्यात खोचली. आपणहून आल्यासारखी दिसावीत म्हणून एक इथे, दोन तिथे, एक पार भिंतीला चिकटून. नवऱ्याला तिने ताकास तूर लागू दिली नाही. त्याच्या तोंडात गुपित म्हणजे चाळणीत पाणी. घाईत एक चूक झाली. रोपांचं नाव लिहिलेली प्लॅस्टिकची पट्टी मातीतच राहिली. तिला ती दुसऱ्या दिवशी आठवली. शोध शोध शोधली, सापडली नाही. वाऱ्याने गेली असेल, असं तिने मनाला सांगितलं.

ज्या संध्याकाळी पहिली फुलं उमलली, त्या संध्याकाळी पायरीवरून हाक आली.

"माझा चष्मा कुठाय गं?"

चष्मा लावून नाना कोपऱ्यापर्यंत चालत गेले. वाकून त्यांनी फुलांकडे नाही, रोपांच्या बुडाशी बराच वेळ पाहिलं.

"आली खरी," ते म्हणाले. "आपणहून."

त्या रात्री त्यांनी भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या वर्षी फुलं बहुधा आलीही असती. पण बहुधावर विसंबायला ती धजली नाही. तिने आदल्या वर्षीचं बी गोळा करून खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत ठेवलं होतं, मिरीच्या दाण्यांसारखं काळं, सुरकुतलेलं. ते तिने डोळे मिटून कोपऱ्यात फेकलं. डोळे मिटून अशासाठी, की हात कुठे नेम धरेल याचा भरवसा नव्हता. उरलेलं बी पुन्हा डबीत, आणि डबी मिठाच्या बरणीमागे.

हे तिसरं वर्ष. थंडी संपता संपता तिची आई आजारी पडली आणि ती माहेरी गेली. निघाली त्या आठवड्यात मागची पडकी भिंत नव्याने बांधायला गवंडी आले होते. त्यांनी नेमकं त्या कोपऱ्यातच सिमेंट कालवलं होतं. ती माती खरवडून टाकून नवी आणावी लागणार, हे ती बघून गेली होती. तेव्हा वाटलं, पेरणीच्या वेळेपर्यंत आपण येऊच.

ती आली नाही. आईच्या उशाशी बसून तिने सगळा वसंत एका पडद्यातून पाहिला. सकाळी पडदा पिवळा व्हायचा, दुपारी पांढरा, संध्याकाळी मधाच्या रंगाचा. आई शेवटी शेवटी बोलत नव्हती. फक्त बोटाने पडद्याकडे खूण करायची. तिने तो बाजूला सारला की आईचे डोळे मिटायचे. जणू बाहेर सगळं जागच्या जागी आहे एवढीच खात्री तिला करून घ्यायची असे.

परत आली तेव्हा परसात घेवड्याचा वेल मांडवावर पुरता चढला होता आणि त्याच्या आड कोपरा दिसेनासा झाला होता. ते बरंच झालं. तिथे काय नाही हे तिला ठाऊक होतं. नसलेलं बघायला कशाला जायचं? ती दुकानात जायची, यायची, समोरच्या खोलीत पडून राहायची. लोकांना विचारायची, आता स्पष्ट दिसतंय का? तिला स्वतःला मात्र सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसायचं. माणसं तोंडं हलवत जवळ यायची आणि लांब जायची.

त्या सगळ्यात एकच गोष्ट तिला टोचून जागं ठेवत होती. नाना या वर्षी गुलबक्षीबद्दल चकार शब्द काढत नव्हते. पायरीवर बसत होते, पण "अजून यायचीत" म्हणत नव्हते. फुलं येणार नाहीत हे त्यांनी ओळखलंय, असं तिने धरलं होतं. आणि आज त्यांनी चष्मा काढून ठेवला.

सकाळी उठल्या उठल्या ती स्वयंपाकघरात गेली. उशीर झाला होता. पण आज बी टाकलं तर थंडी पडण्याआधी चार पानं तरी दिसतील. चार पानं दिसली तर माणूस वाट बघू शकतो. तिने मिठाची बरणी सरकवली. डबी जागेवर होती. झाकण उघडलं.

डबी रिकामी होती. नुसती रिकामी नाही, आतून पुसलेली.

नवरा पायात बूट सरकवत होता.

"यात काळे दाणे होते," ती म्हणाली. "तू टाकलेस?"

"कसले दाणे?"

"मिऱ्यांसारखे. टाकलेस का, ते सांग."

"मी?" त्याने छातीवर हात ठेवला. "मागं तुझी ती कसलीशी पूड धूळ समजून झटकली आणि आठवडाभर बोलणी खाल्ली. तेव्हापासून त्या कपाटाशी मी पाहुण्यासारखा वागतो. उंदराचं काम असेल."

"उंदीर झाकण लावून जातो?"

"आपल्या घरातला जाईल. नानांच्या हाताखाली तयार झालेला असणार."

एरवी ती हसली असती. आज तिने डबी जागेवर ठेवली आणि बरणी पुढे ओढली. तो गंभीर झाला.

"काय होतं त्यात?"

"काही नाही."

"काही नव्हतं तर शोधतेस काय?" त्याने विचारलं, पण हळूच. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून, गाडीच्या किल्ल्या घेऊन तो निघून गेला.

दुकानात दुपारी शिंपीणबाई आल्या. त्या या घराच्या मागच्या अंगाला राहायच्या. दोन्ही परसांमध्ये ती नवी भिंत. त्यांनी चष्मा रुमालातून मेलेल्या पाखरासारखा बाहेर काढला.

"यावर बसले गं मी."

"नेहमीसारखंच?"

"या वेळी जरा जास्त वेळ बसले. बाही लावत होते. उठल्यावर कळलं."

तिने काड्या गरम करून सरळ केल्या, चष्मा शिंपीणबाईंच्या नाकावर बसवला, कानामागे बोट फिरवून पाहिलं.

"आता सरळ दिसतंय?"

"दिसतंय. तुझं तोंड पण दिसतंय. वाळून काडी झालीयेस." शिंपीणबाईंनी तिच्या मनगटाला चिमटा काढला. "घरात एवढी भाजी, आणि ही अशी! बाकी तुझ्या नवऱ्याला सांग, भोपळा नको म्हणावं. कापडाच्या गठ्ठ्याआड दोन लपवलेत मी आधीचे."

"सांगते."

"फुलं दिलीत तर चालतील. मला वाटलं होतं, एवढी उंच भिंत घातलीत, आता काही तुमच्या गुलबक्षीचा वास यायचा नाही. पण वासाला कसली भिंत! मशीनवर बसलेलं असलं की घड्याळ बघावं लागत नाही. वास आला की दिवा लावते."

तिच्या हातातला पुसायचा कपडा थांबला.

"आमच्या गुलबक्षीचा?"

"मग काय माझ्या? माझ्याकडं नुसती फरशी. का गं?"

"या वर्षीची गोष्ट सांगताय?"

"नाही, माझ्या लग्नातली," शिंपीणबाई म्हणाल्या. "अगं, कालची!"

त्या गेल्यावर तिने दोन गिऱ्हाइकं केली, आणि दोघांनाही एकच भिंग दोनदा दाखवलं. तिसरं आलं तेव्हा मालकच म्हणाले, "तुम्ही घरी जा बघू आज."

घर दुपारच्या झोपेत होतं. पुढच्या खोलीत नानांची खुर्ची रिकामी होती आणि त्यांच्या खोलीतून घोरण्याचा हलका, एकसारखा आवाज येत होता. कट्ट्यावरचे टोमॅटो एकेक जागा उजवीकडे सरकलेले. चपला न घालताच ती परसात उतरली.

महिनाभर तिने इथे पाऊल ठेवलं नव्हतं. ऊन उतरणीला लागलं होतं. जाड आणि संथ, कुणीतरी वरून हळूहळू ओतत असल्यासारखं. टोमॅटोची खालची पानं पिवळी पडून गळून गेली होती, पण शेंड्याला फळं लगडलेली होती. कडेची काकडी कुणाच्या नजरेला न पडता मनगटाएवढी जाड आणि पिवळीधमक झाली होती. कोथिंबिरीने केव्हाच कोथिंबीर असणं सोडलं होतं; तिच्या कंबरेपर्यंत आलेल्या काड्यांवर धण्यांचे घोस होते आणि त्यांत माश्या अशा मंद फिरत होत्या, की त्याही अर्धवट झोपेत असाव्यात. भोपळ्याचा वेल वाफा सोडून, वाट ओलांडून, मनाला येईल तिकडे निघाला होता. तिच्या पायाखालची माती कोमट होती. चालताना तिला वाटलं, आपण चालत नाही आहोत. परसच आपल्या बाजूने हळूहळू मागे सरकतंय.

घेवड्याचा मांडव पडद्यासारखा आडवा आला. वाळलेल्या शेंगांत दाणे खुळखुळले. संध्याकाळी आईच्या खोलीत असायचा तसा मधाचा उजेड पानांतून गाळून येत होता. तिने हात उचलला, क्षणभर तसाच धरला आणि वेल बाजूला सारला.

कोपरा गुलबक्षीने भरला होता.

गुडघ्याच्याही वर आलेली झाडं, हिरवीगार, भरदार. कळ्या मिटलेल्या छत्र्यांसारख्या पिळून बसल्या होत्या. ती मटकन खाली बसली. फूल उमलताना दिसत नाही. आपण नजर दुसरीकडे नेतो आणि परत आणतो, तेवढ्यात ते उमललेलं असतं. तिने एका गुलाबी कळीकडे पाहिलं, मग एका पिवळीकडे, आणि नजर परत नेली तोवर गुलाबी उमलली होती. मग पांढरी. मग एक अर्धी पिवळी, अर्धी लाल. वास अजून नीट आला नव्हता. नुसती येण्याची चाहूल होती.

आली, तिला वाटलं. नव्या मातीत, सिमेंटच्या चुऱ्यात, कुणी न पेरता आली. सासूबाई म्हणायच्या तशी. आपली आई हे परस बघायला कधी आली नाही, येईन येईन म्हणत राहिली, हेही तिला आत्ताच, इथे आठवलं. तिने ओल्या डोळ्यांनी फुलांकडे पाहिलं आणि दुकानातल्या सवयीने, नीट दिसावं म्हणून, एक डोळा मिटला.

आणि मग तिला स्पष्ट दिसलं.

पहिल्या झाडामागे दुसरं झाड लपलं होतं, दुसऱ्यामागे तिसरं. ती जरा डावीकडे सरकली. ओळी. सरळ, आडव्या ओळी. दोन झाडांत वीतभर अंतर, सगळीकडे तेवढंच. दोन ओळींत थोडं जास्त, तेही सगळीकडे तेवढंच. डावी कड दोरी लावल्यासारखी, उजवी कडही तशीच. फक्त अगदी पहिली ओळ कडेपासून थोडी आत सरकवून सुरू केलेली. मजकूर सुरू होतो तिथे सोडतात तेवढी जागा सोडून. आणि शेवटची ओळ अर्ध्यातच थांबलेली. बी तिथे संपलं होतं.

तिला हसू फुटलं. आवाज होऊन, अचानक, शिंक यावी तसं. तिने तोंडावर हात दाबला. हाताखाली हसू कधी संपलं आणि रडू कधी सुरू झालं, हे तिचं तिलाही कळलं नाही. ती बराच वेळ तिथे बसली. आई गेल्यापासून ती अशी रडली नव्हती.

डबी कुणी पुसून ठेवली, हे आता विचारायला नको होतं. आणि ती प्लॅस्टिकची पट्टीही वाऱ्याने गेली नव्हती. म्हणजे पहिल्याच वर्षापासून नानांना ठाऊक होतं. "आली खरी, आपणहून," असं म्हणून भाजी दुसऱ्यांदा वाढून घेणारा म्हातारा तिच्या डोळ्यांपुढे आला. मग वसंतातला म्हातारा. घरात कुणी नाही. मुलगा गाडीवर, सून माहेरी. दुखऱ्या गुडघ्यांखाली पोतं घेऊन तो नव्या मातीत बसला आहे. डबीतून एकेक बी दोन बोटांत उचलतो आहे, चष्म्याजवळ नेऊन त्याची बाजू बघतो आहे आणि मातीत बसवतो आहे. सून परत येईल, कोपऱ्यात जाईल आणि तिला वाटेल, की काही गोष्टी अजून आपणहून येतात. मग ती आली. आणि कोपऱ्यात गेलीच नाही. तो रोज पायरीवर बसून ती कधी जाईल याची वाट बघत राहिला. "जाऊन बघ" म्हटलं तर गोष्टच फुकट, म्हणून गप्प.

चष्मा काल त्यांनी डोळ्यांना पाणी आलं म्हणून काढला असेल. त्या भरलेल्या डब्याकडे बघून. हे तिच्या मनात आलंच नव्हतं.

अर्ध्या ओळीच्या शेवटी एक रोप होतं. उशिरा रुजलेलं, जेमतेम चार पानांचं. ती उठली, स्वयंपाकघरातून मोठा चमचा घेऊन आली. मातीच्या गोळ्यासकट तिने ते रोप उचललं आणि नव्या भिंतीच्या बुडाशी, दगड आणि वाटेच्या मधल्या फटीत बसवलं. मुद्दाम जरा तिरपं. भोवतीची माती बोटांनी दाबली, ओंजळीने पाणी घातलं. उचललेल्या जागेचा खड्डा बुजवला. हात धुऊन ती घरात आली, तेव्हा वास परसभर झाला होता.

रात्री ताटं मांडली. नवऱ्याने तीन ताटं काढली आणि सवयीने एक परत ठेवायला निघाला.

"राहू दे," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."

तो थांबला. नानांकडे बघायचं त्याने मोठ्या मुश्किलीने टाळलं.

"का, आज दुकानातलं जेवण संपलं वाटतं?"

"संपलं."

तिने वांग्याची भाजी घेतली, आणि थोड्या वेळाने पुन्हा घेतली. नानांनी समोरचं मीठ शोधायला चष्मा डोळ्यांवर चढवला. मीठ सापडलं, पण चष्मा त्यांनी काढला नाही.

मधे एक दिवस गेला. फटीतल्या रोपाने मान टाकली, मग दुसऱ्या सकाळी उचलली. त्या संध्याकाळी ती पायरीवर नानांशेजारी जाऊन बसली.

"नाना, कोपऱ्यात गुलबक्षी आलीय."

"हो?" नाना म्हणाले. त्यांनी भुवया उंचावल्या. सोंग आणायचं त्यांना कधीच जमलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. "या वर्षी पण?"

"भरपूर आलीय. मला वाटलं होतं, एवढी माती बदलली, आता कसली येतेय."

"त्यांचं तसंच असतं."

"बघायला येता?"

नानांनी झारी भरून घेतली. दोघं टोमॅटोच्या वाफ्यावरून, भोपळ्याचा वेल ओलांडत, मांडवाशी आले. तिने वेल बाजूला धरला. सगळी फुलं उमलली होती. नाना पहिल्यांदाच बघत असल्यासारखे बघू लागले. आणि त्यांची नजर, तिला वाटलंच होतं तशी, पहिल्या ओळीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, डावीकडून उजवीकडे, न चुकता फिरत खाली आली. शेवटच्या ओळीच्या टोकाशी अडखळली. तिथे एक जागा रिकामी होती. मग ती शोधत शोधत भिंतीपर्यंत गेली.

"हे एक भलतीकडं आलंय," नाना म्हणाले.

"आपणहून येणाऱ्याचं काय, नाना. कुठंही येतं."

नानांनी झारी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून सावकाश वाकले, चष्मा नाकावर वर सरकवला आणि रोपाच्या बुडाशी, दाबलेल्या मातीवर उमटलेल्या बोटांकडे पाहत राहिले. पलीकडून शिंपीणबाईंच्या मशीनचा आवाज येत होता; तो थांबला आणि त्यांच्या खिडकीत दिवा लागला.

नानांचा उजवा हात पुढे झाला. अंगठा आणि तर्जनी एकत्र आली आणि त्या तिरप्या देठाच्या अगदी जवळ जाऊन थांबली.

मग त्यांनी हात मागे घेतला, झारी उचलली आणि सगळ्यात आधी त्या एकट्या रोपाला पाणी घातलं.